लहान मासेमारी होडीसाठी आउटबोर्ड इंजिनाची निवड व खरेदी

आपल्या कोकण किनाऱ्यावर पहाटेच्या मतलई वाऱ्यावर शीड उभारून समुद्रात जावयाचे आणि दुपारी खारा वारा सुटला म्हणजे त्याच्या पाठबळाने परतावयाचे, हा लहान होड्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा क्रम होता. वारा पडला तर वल्हे हाती घ्यावे लागे व किनारा गाठेपर्यंत मासळीचा ताजेपणा गेलेला असे. होडीच्या मागील बाजूस अडकविता येणारे व काम संपल्यावर काढून घरी आणता येणारे लहान इंजिन आल्यापासून ही स्थिती बदलली. अमेरिकेतील ओल एव्हिन्रूड यांनी १९०९ साली असे इंजिन विक्रीस आणले. भारतात १९५२ साली नॉर्वेच्या साहाय्याने केरळ किनाऱ्यावर जो प्रकल्प हाती घेण्यात आला, त्यात होडीच्या पोटात बसविण्याच्या डिझेल इंजिनांवर भर होता. मात्र वीस-पंचवीस फुटांच्या होडीत असे इंजिन बसविले म्हणजे जाळी व मासळी ठेवण्यास जागा उरत नाही. म्हणून लहान होडीवाल्याची नजर आउटबोर्ड इंजिनाकडे वळते.

२०२५ साली राज्य शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. किनाऱ्यावरील तालुक्यांत शेतकरी व मच्छीमार हे बहुधा एकाच घरात नांदतात. पावसाळ्यात भात लावणारा माणूस नारळी पौर्णिमेनंतर समुद्रावर जातो. त्यामुळे कृषी खात्याच्या कार्यकर्त्यासही "साहेब, कोणते इंजिन घेऊ?" असा प्रश्न वारंवार विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर देण्यास कार्यकर्त्यास व खरेदी करणाऱ्यास उपयोग व्हावा, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

किंमत आधी नव्हे, होडी आधी

बहुतेक मच्छीमार प्रथम दुकानात जातात, पंधरा अश्वशक्तीच्या व पंचवीस अश्वशक्तीच्या इंजिनांच्या किमती विचारतात आणि थोड्या अधिक पैशात बरीच अधिक शक्ती मिळते असे पाहून मोठ्या इंजिनाची निवड करतात. शेतकरी बंधूंना ही चूक ओळखीची वाटेल. विहिरीला पाणी थोडे असताना साडेसात अश्वशक्तीचा पंप बसविणारा मनुष्य अर्ध्या तासात विहीर उपसून मोकळा होतो आणि वीजबिल मात्र मोठ्या पंपाचे भरतो. होडीच्या बाबतीतही असेच घडते. फरक इतकाच की येथे मर्यादा पाण्याच्या साठ्याची नसून होडीच्या लांबीची असते.

याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. होडी पाणी कापीत पुढे जाताना नाळेपाशी एक लाट उठते. वेग वाढत जाईल तसतशी ही लाट लांब होत जाते, आणि एका ठराविक वेगाला तिची लांबी होडीच्या लांबीइतकी होते. त्यानंतर वेग वाढविण्याचा प्रयत्न केल्यास होडीस आपल्याच लाटेचा चढ चढावा लागतो. तिची पिछाडी खाली बसते, नाळ वर उचलली जाते, मागे पाण्याचा उंच डोंगर उभा राहतो आणि इंजिन कितीही ओरडले तरी किनारा विशेष लवकर जवळ येत नाही. हा वेग काढण्याची रीत सोपी आहे. भरलेल्या होडीची पाण्याला टेकलेली लांबी फुटांत मोजावी, त्या आकड्याचे वर्गमूळ काढावे व त्यास १.३४ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे ताशी सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर होय. पाण्यात वीस फूट असलेल्या होडीचा हा वेग ताशी ६ सागरी मैल येतो व पंचवीस फुटी होडीचा ६.७. म्हणजे पाच फूट लांबी वाढूनही वेगात पाऊण मैलाचीही भर पडत नाही.

सपाट बुडाच्या, रुंद पिछाडीच्या व वजनाने हलक्या अशा फायबर होड्या पुरेशी शक्ती मिळाल्यास पाण्यावर उचलल्या जाऊन धावू शकतात. त्यांना हा नियम तंतोतंत लागू पडत नाही. परंतु अशी होडीदेखील रिकामी असतानाच उचलली जाते. ओली जाळी, बर्फ, तीन माणसे व बांगड्याच्या टोपल्या भरल्या म्हणजे ती पुन्हा पाण्यात बसते. दुकानदार जे प्रात्यक्षिक दाखवितो ते रिकाम्या होडीचे असते, हे ध्यानात ठेवावे.

अश्वशक्ती किती?

गोल बुडाच्या कामाच्या होडीस भरलेल्या वजनाच्या दर टनामागे तीन ते पाच अश्वशक्ती पुरेशी होते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. वजनाचा हिशेब असा करावा. समजा, वीस फुटी होडीचे स्वतःचे वजन ४०० किलो आहे. तीन माणसांचे २००, जाळी, नांगर, दोरखंड व बर्फ मिळून २५०, मासळी १५० आणि इंजिन व तेल मिळून ८० किलो धरले तर एकूण १,०८० किलो, म्हणजे सुमारे १.१ टन होतात. टनास पाच अश्वशक्ती धरली तरी साडेपाच अश्वशक्ती पुरते. दुपारचा खारा वारा तोंडावर असणे, खाडीच्या मुखाशी ओहोटीचा ओढ लागणे, बुडास शेवाळ व कालवे चिकटलेली असणे, या गोष्टींसाठी काही शक्ती हाताशी राखून ठेवणे शहाणपणाचे असल्याने आठ ते दहा अश्वशक्तीचे इंजिन घ्यावे. त्यापेक्षा अधिक शक्तीचा अशा होडीस लाभ होत नाही. उलट, फार लहान इंजिन घेऊन काटकसर करणेही बरोबर नाही. दोन-तीन अश्वशक्तीचे इंजिन खाडीत चालेल. भर समुद्रात वारा फिरला म्हणजे ते होडीस जागच्या जागी धरून ठेवण्यापलीकडे काही करू शकणार नाही.

आता तेलाचा हिशेब पाहू. पूर्ण जोरावर चालविल्यास फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन दर अश्वशक्तीस तासाला सुमारे ०.३५ लिटर तेल घेते व जुन्या पद्धतीचे कार्ब्युरेटर असलेले टू-स्ट्रोक इंजिन सुमारे ०.५ लिटर. मासेमारीची जागा सहा सागरी मैलांवर आहे असे समजा, म्हणजे जाऊन येऊन बारा मैल. दहा अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन ताशी सहा मैलांनी हे अंतर दोन तासांत कापील आणि तासाला साडेतीन लिटर याप्रमाणे सात लिटर पेट्रोल घेईल. त्याच होडीस पंचवीस अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन लावून ते पूर्ण जोरात चालविले आणि वेग सात मैलांवर गेला, तर अंतर एक तास त्रेचाळीस मिनिटांत कापले जाईल व सुमारे एकवीस लिटर पेट्रोल जळेल. सतरा मिनिटे वाचविण्यास चौदा लिटर पेट्रोल लागले. वर्षात १८० फेऱ्या धरल्या आणि पेट्रोल लिटरला १०० रुपये धरले, तर हा फरक अडीच लाख रुपयांच्या घरात जातो. एवढ्या रकमेत लहान इंजिन पुन्हा नवे घेता येईल.

यावर कोणी म्हणेल की मोठे इंजिनही सावकाश चालविता येते. ते खरे आहे. परंतु टू-स्ट्रोक इंजिन सतत मंद चालविल्यास त्याचे प्लग काजळतात, शिवाय त्याचे वजन रोज वाळूतून वाहावे लागते. आणि शक्ती हाताशी असली म्हणजे शेजारची होडी पुढे जाताना मूठ पिळल्यावाचून राहवत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे.

ही चूक माझ्याही हातून झालेली आहे, म्हणून ती येथे नमूद करतो. नोकरीच्या आरंभीच्या काळात सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील एका गावात एका मच्छीमाराच्या कर्जप्रकरणावर मी शिफारस लिहून दिली. इंजिन मोठे होते, दरपत्रक व्यवस्थित होते, कागद पूर्ण होते. होडीची लांबी किती व ती रोज कोठपर्यंत जाते, हे मी विचारले नाही. दोन वर्षांनी त्याच गावी गेलो असता इंजिन झावळ्यांखाली झाकून ठेवलेले आढळले व तो गृहस्थ मुलाला घेऊन वल्ह्यांवर जात होता. मी विचारले तेव्हा तो राग न धरता म्हणाला, "साहेब, इंजिन बरा आसा, पण तेचा पोट मोठा आसा." कर्जाचे हप्ते चालूच होते. तेव्हापासून मी शिफारशीपूर्वी होडीपाशी जाऊन फूटपट्टी लावतो. कार्यकर्त्यांनीही कागद पाहण्याआधी होडी पाहावी.

टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक व इतर प्रकार

टू-स्ट्रोक इंजिन वजनाला हलके, रचनेने साधे व दुरुस्तीस सोपे असते. त्याच्या पेट्रोलमध्ये वंगण तेल मिसळावे लागते. प्रमाण बहुधा पन्नासास एक, म्हणजे दहा लिटर पेट्रोलमध्ये २०० मिलिलिटर असते. नव्या इंजिनास आरंभीचे तास अधिक तेल द्यावे लागते. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत जे प्रमाण दिले असेल तेच पाळावे. वंगण टीसी-डब्ल्यू३ या प्रतीचेच घ्यावे. मोटारसायकलचे टू-स्ट्रोक तेल हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनविलेले असते व समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनास ते योग्य नसते. स्वस्त मिळते म्हणून ते घालणारे पुष्कळ आहेत.

फोर-स्ट्रोक इंजिनास पेट्रोल कमी लागते, धूर व आवाज कमी होतो आणि मंद वेगावर ते संथ चालते. जाळी ओढताना किंवा गळ टाकून हळूहळू जाताना हा गुण फार उपयोगी पडतो. किंमत मात्र अधिक असते आणि वंगण नियमाने बदलावे लागते. रोज दोन तासांहून अधिक इंजिन चालणार असेल तर किमतीतील फरक पेट्रोलच्या बचतीतून भरून निघतो, असे माझे मत आहे. महिन्यातून चार वेळा खाडीत जाणाऱ्याने फोर-स्ट्रोकसाठी कर्ज वाढविण्याचे कारण नाही.

केरळात रॉकेलवर चालणारी आउटबोर्ड इंजिने मोठ्या संख्येने वापरात आली. अशा इंजिनास पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर न्यावे लागते आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणावे लागते. तसे न केल्यास दुसऱ्या दिवशी दोरी ओढून खांदा दुखतो, पण इंजिन सुरू होत नाही. आपल्याकडे असे इंजिन घेण्यापूर्वी रॉकेल कोठून, कोणत्या दराने व वर्षभर रीतसर मिळेल काय, याची खात्री करून घ्यावी. इंजिन मिळते पण तेल मिळत नाही अशी अवस्था होऊ नये. बॅटरीवर चालणारी इंजिनेही आता मिळू लागली आहेत. खाडीतील थोड्या अंतराच्या कामास ती विचारात घेण्यासारखी असली, तरी सहा-सात मैल समुद्रात जाणाऱ्याने सध्या त्यांच्या मागे लागू नये. दूरवर व रोज बरेच तास चालणाऱ्या मोठ्या होडीस मात्र डिझेल इंजिनच परवडते. तो वेगळा विषय आहे.

पेट्रोलच्या बाबतीत एक नवी अडचण उद्भवली आहे. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि अनेक आउटबोर्ड उत्पादक आपल्या इंजिनास १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे पुस्तिकेत लिहितात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. समुद्रावर ओलाव्यास तोटा नाही. टाकीत पाण्याचे प्रमाण वाढले म्हणजे इथेनॉल व पाणी मिळून तळाशी बसतात आणि नेमके तेच इंजिनात खेचले जाते. यासाठी खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडून "२० टक्के इथेनॉलचे पेट्रोल या इंजिनास चालेल" असे लेखी घ्यावे. तो लेखी देण्यास का-कू करील तर त्यावरून जे समजावयाचे ते समजावे. टाकी व इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारी गाळणी बसवावी, पेट्रोल आठवड्याला पुरेल इतकेच आणावे व डब्याचे झाकण घट्ट ठेवावे.

दांड्याची लांबी

अश्वशक्तीविषयी सर्वजण चौकशी करतात. इंजिनाच्या उभ्या दांड्याची लांबी मात्र फारच थोडे विचारतात, आणि चुकीच्या लांबीचे इंजिन घरी येते. ही इंजिने प्रामुख्याने दोन लांबींत मिळतात. आखूड दांड्याचे इंजिन सुमारे १५ इंच उंचीच्या पिछाडीसाठी असते व लांब दांड्याचे सुमारे २० इंच उंचीच्या पिछाडीसाठी. होडीच्या मागील ज्या आडव्या फळीवर इंजिन अडकवावयाचे, तिच्या वरच्या कडेपासून बुडापर्यंत सरळ खाली अंतर मोजावे. पंख्याच्या वर जी आडवी सपाट पट्टी असते ती होडीच्या बुडाच्या पातळीत, किंवा फार तर एक इंच खाली आली पाहिजे. दांडा आखूड पडला तर लाटेवर पिछाडी उचलली जाताच पंखा हवा ओढतो, इंजिन एकाएकी किंचाळू लागते आणि होडी पुढे सरकत नाही. खाडीच्या मुखावरील फुटणाऱ्या लाटांत असे होणे म्हणजे होडी आडवी पडण्यास निमंत्रण होय. दांडा फार लांब असला तर पाण्याचा विरोध वाढतो आणि ओहोटीच्या वेळी पंखा वाळूत रुततो.

ज्या पारंपरिक होड्यांची नाळ व पिछाडी दोन्ही निमुळत्या असतात, त्यांना इंजिनासाठी कडेला लाकडी किंवा लोखंडी आधार करून घ्यावा लागतो. उलांडी असलेल्या होडीत हा आधार उलांडीच्या विरुद्ध बाजूस, पिछाडीच्या जवळ घेतात. असा आधार नुसत्या वरच्या फळीवर खिळ्यांनी ठोकू नये. तो आतील बाकांपर्यंत बोल्टांनी बांधून घ्यावा, कारण इंजिनाचा सर्व धक्का त्याच ठिकाणी बसतो. फायबर होडीच्या मागील फळीच्या आत प्लायवुड असते. बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरले तर ते आतल्या आत कुजते व बाहेरून काही दिसत नाही. इंजिन लावण्यापूर्वी ती फळी मुठीने ठोकून पाहावी. बद्द आवाज आला तर आधी दुरुस्ती करावी.

पंखा

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पीच. एका फेऱ्यात पंखा पाण्यातून जितके इंच पुढे सरकू शकेल तो त्याचा पीच. इंजिनाबरोबर येणारा पंखा पुष्कळदा हलक्या, वेगवान होडीसाठी असतो. भार ओढणाऱ्या होडीस व्यास मोठा व पीच लहान असा पंखा लागतो. बैलगाडी चढावर नेताना बैलांची चाल जशी आखूड पण जोराची हवी, तसेच हे आहे. योग्य पंखा ओळखण्यासाठी होडीत नेहमीचा भार ठेवून इंजिन पूर्ण जोरात चालवावे व फेरे मोजण्याच्या लहान यंत्राने मिनिटाचे फेरे पाहावेत. हे यंत्र मिस्त्रीजवळ असते. समजा, पुस्तिकेत ५,००० ते ६,००० फेरे सांगितले आहेत आणि इंजिन ४,५०० वरच अडले, तर पीच फार मोठा आहे. पीच एक इंच कमी केल्यास फेरे साधारणपणे दोनशेंनी वाढतात. अशा अडलेल्या स्थितीत वर्षभर चालविलेले इंजिन आतून झिजते, आणि मग दोष कंपनीस दिला जातो. विक्रेता पंखा बदलून देण्यास तयार आहे काय, हे पैसे देण्यापूर्वी ठरवून घ्यावे.

खरेदी करताना

कोणत्या कंपनीचे इंजिन घ्यावे, याचे नाव घेऊन उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. त्याऐवजी एक सोपी रीत सांगतो. आपल्या व शेजारच्या दोन बंदरांवर पहाटे होड्या परतण्याच्या वेळी जावे आणि कोणती इंजिने सर्वांत अधिक दिसतात ते मोजावे. मग त्या इंजिनाचे पाण्याच्या पंपातील रबरी चक्र, प्लग, पंखा व पंख्याची पिन या चार वस्तू किती अंतरावर आणि किती रुपयांत मिळतात, हे विचारावे. ज्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात ते मध्यम इंजिन, ज्याचे भाग मुंबईहून मागवावे लागतात त्या उत्तम इंजिनापेक्षा मच्छीमाराच्या अधिक कामाचे. ऐन हंगामात आठ दिवस होडी किनाऱ्यावर राहिली तर जी मासळी गेली, ती पुढच्या आठवड्यात परत येत नाही.

हमीपत्र नीट वाचावे. हौसेने नौकाविहार करणाऱ्यास जी मुदत दिलेली असते, ती धंद्यासाठी वापरणाऱ्यास बहुधा कमी असते. पावतीवर इंजिनाचा क्रमांक लिहून घ्यावा आणि तो इंजिनावरील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. बिनयांत्रिक होडीस इंजिन लावले म्हणजे तिची नोंद बदलते. तेव्हा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खालील परवाना व नौकेची नोंदणी यांत तशी दुरुस्ती करून घेण्यासाठी मत्स्यव्यवसाय विभागाच्या स्थानिक कार्यालयात अर्ज करावा. इंजिन लागल्यावर जून-जुलैची पावसाळी मासेमारी बंदीही त्या होडीस लागू होते. वल्ह्यांच्या होडीस जी सूट असते ती राहत नाही. हे आधी ठाऊक नसल्याने वाद झालेले आहेत. अनुदान व कर्ज यांची चौकशी खरेदीपूर्वी करावी. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० पासून राबविण्यात आली व किसान क्रेडिट कार्डाची सवलत मच्छीमारांनाही देण्यात आली आहे. कोणत्या वर्षी कोणत्या बाबीस साहाय्य मिळते, हे गावच्या सागरमित्राकडून किंवा मच्छीमार सहकारी संस्थेकडून कळेल. मंजुरी येण्यापूर्वी इंजिन विकत घेतलेले असल्यास अनुदान अडण्याचा संभव असतो.

जुने इंजिन घ्यावयाचे असल्यास ते थंड असतानाच सुरू करून दाखविण्यास सांगावे. आपण पोहोचण्यापूर्वी ते गरम करून ठेवलेले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. खालच्या गियरपेटीचा स्क्रू थोडा सैल करून तेल पाहावे. ते ताकासारखे पांढरट दिसल्यास पेटीत पाणी शिरलेले आहे. इंजिन चालू असताना मागील बारीक छिद्रातून पाण्याची धार सतत पडली पाहिजे. ती नसेल तर थंड करणारे पाणी फिरत नाही. नुकताच लावलेला रंग दिसला तर खालची झीज पाहण्यासाठी नखाने खरवडण्यास संकोच करू नये. आणि मूळ पावती नसलेले इंजिन कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

पहिले दिवस व पुढील निगा

नव्या इंजिनाचे पहिले दहा तास मऊ हाताने काढावेत आणि पुस्तिकेत सांगितलेली पहिली तपासणी चुकवू नये. इंजिन कोरड्या जागी क्षणभरही चालवू नये. पाण्याच्या पंपातील रबरी चक्र पाण्यावाचून काही सेकंदांत जळते. रोज परतल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात खालचा भाग बुडवून पाच-दहा मिनिटे इंजिन चालवावे, म्हणजे आतील खार धुऊन जाईल. खालच्या भागास जो जस्ताचा तुकडा लावलेला असतो त्यास रंग देऊ नये. तो स्वतः झिजून इंजिनाचे रक्षण करतो, आणि निम्मा झिजला म्हणजे बदलावयाचा असतो.

इंजिनाचे स्क्रू कितीही घट्ट केले तरी कंपाने सैल होतात. म्हणून त्यास साखळी किंवा जाड दोरी बांधून तिचे दुसरे टोक होडीस बांधावे. हे न केल्यामुळे खाडीच्या तळाशी गेलेली इंजिने मी पाहिली आहेत. इंजिन पाण्यात पडलेच, तर वर काढून उन्हात वाळवीत ठेवण्याची चूक करू नये. हवा लागताच आतील भाग गंजू लागतात. लगेच गोड्या पाण्याने धुवावे, प्लग काढून दोरी ओढून आतील पाणी बाहेर काढावे, प्लगच्या भोकातून वंगण घालावे व त्याच दिवशी मिस्त्रीकडून सुरू करून घ्यावे. मिस्त्री दुसऱ्या दिवशी येणार असेल तर तोपर्यंत ते गोड्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवलेले बरे.

इंजिन बंद करणारी जी लाल दोरी असते ती चालकाने मनगटास बांधावी. माणूस पाण्यात पडला आणि होडी पुढे निघून गेली, असे एकट्याने जाणाऱ्याच्या बाबतीत घडते. पेट्रोलचे तीन भाग करावेत. एक जाण्यास, एक येण्यास व एक वारा फिरल्यास. होडीत दोन प्लग, चार पिना, पाना व पक्कड एका डब्यात ठेवावीत, आणि वल्ही घरी ठेवू नयेत. वेग ताशी सहा मैलांवरून पाचावर आणल्यास बारा मैलांना चोवीस मिनिटे अधिक लागतात, पण तेल सुमारे एक-तृतीयांशाने वाचते. मासळीस बर्फ असेल तर चोवीस मिनिटांनी तिचा भाव उतरत नाही.

मे महिन्याच्या अखेरीस होडी वर काढली म्हणजे इंजिनातील व टाकीतील पेट्रोल काढून टाकावे, कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत पिंपातील पाण्यात इंजिन चालवावे, गियरपेटीचे तेल बदलावे, प्लगच्या जागी थोडे वंगण सोडून दोरी दोन वेळा हळू ओढावी आणि इंजिन उभे ठेवून गोणपाटाने झाकावे. प्लास्टिकने गुंडाळू नये, आत घाम धरतो. ऑगस्टमध्ये होडी पाण्यात ढकलण्याच्या आठ दिवस आधी ते पिंपात सुरू करून पाहावे, म्हणजे काही बिघाड निघाल्यास मिस्त्रीकडे गर्दी होण्यापूर्वी तो दुरुस्त होईल.